कॉक्लिअर इम्प्लांटनंतरचा एक्स-रे: टेलिमेट्री नीट असताना कशासाठी?

मुक्ता_सांगली (मंगळवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझा मुलगा पावणेतीन वर्षांचा आहे, जन्मापासून दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. गेल्या आठवड्यात उजव्या कानाला कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे नसेला थेट विजेने आवाज पोहोचवणारं यंत्र, बसवलं. टाके सुकत आलेत, पोरगं घरभर पळतंय. स्विच-ऑनला, म्हणजे आवाज पहिल्यांदा सुरू करायला, अजून अवकाश आहे.

ऑपरेशन चालू असतानाच ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी टेलिमेट्रीने, म्हणजे विजेच्या चाचणीने, तारेवरचे इलेक्ट्रोड तपासले. सगळे व्यवस्थित आहेत, ऐकण्याची नसही प्रतिसाद देतेय, असं त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. तरीही डिस्चार्जच्या कागदावर 'एक्स-रे, मॉडिफाइड स्टेनव्हर्स व्ह्यू, उजवी बाजू' असं लिहिलंय आणि स्विच-ऑनला येताना प्लेट घेऊन या म्हणालेत. सासूबाई म्हणतात, आधीच सीटी झाला, एमआरआय झाला, एवढ्याशा डोक्यावर आणखी किरणं कशाला? आमच्या थेरपी सेंटरमधल्या एका ताईंच्या मुलीला असा एक्स-रे सांगितलाच नव्हता आणि ती आता छान बोलते.

मला टाळायचं म्हणून टाळायचं नाही. पण कशासाठी काढायचा हे कळलं तर घरात सांगता येईल. डॉक्टरांकडे त्या दिवशी फार गर्दी होती, विचारायचं राहून गेलं.

वृंदा_ऑडिओ (मंगळवार, रात्री १०:२५)

मुक्ताताई, आधी तुमच्या पिल्लाला खूप शुभेच्छा. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, मॅपिंगचंच, म्हणजे कोणत्या इलेक्ट्रोडला किती वीज द्यायची ते बसवण्याचं, काम करते, तेव्हा माझ्या बाजूने सांगते.

ओटीमध्ये (ऑपरेशन थिएटरमध्ये) आम्ही जी टेलिमेट्री करतो तिचे ढोबळ दोन भाग. पहिला इम्पिडन्स, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमधून वीज नीट वाहते की नाही. कुठे तार तुटली असेल, दोन इलेक्ट्रोड एकमेकांत शॉर्ट झाले असतील, तर ते इथे कळतं. दुसरा भाग नसेच्या प्रतिसादाचा. आम्ही एका इलेक्ट्रोडवर छोटा झटका देतो आणि शेजारच्या इलेक्ट्रोडवर नसेचं उत्तर मोजतो. हे दोन्ही नीट आले की इम्प्लांट चालू आहे आणि नस जागी आहे, एवढं खात्रीने सांगता येतं.

इलेक्ट्रोड नेमका कुठे बसलाय हे मात्र यातून थेट दिसत नाही. कॉक्लिया, म्हणजे आतल्या कानातला ऐकण्याचा भाग, शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची असते. तिच्या तोंडाशी उंच, किणकिणते आवाज आणि आतल्या टोकाशी खालचे, जाड आवाज ओळखले जातात. इलेक्ट्रोडची बारीक तार त्या वेढ्यांतून आत सरकवतात. कधी कधी तारेचं टोक आत अडकून स्वतःवरच उलट दुमडतं. अशा वेळी २२ इलेक्ट्रोडच्या तारेवर २२ नंबरचा, म्हणजे सगळ्यात आत असायला हवा तो, मागे येऊन १७ किंवा १८ नंबरशेजारी बसतो. वीज तरीही वाहते. नसही उत्तर देते, कारण तिथेही नसच आहे. इम्पिडन्सचा तक्ता पाहून काहीएक शंका येत नाही. आवाजांचा क्रम मात्र त्या भागात उलटापालटा होतो.

मोठा माणूस सांगतो, "मॅडम, हा आवाज विचित्र वाटतोय." पावणेतीन वर्षांचं मूल, ज्याने आयुष्यात आवाजच ऐकलेला नाही, ते काय सांगणार? ते जे ऐकेल त्यालाच आवाज समजेल. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मी प्लेटचा आग्रह धरते.

अभियंता_अकोला (मंगळवार, रात्री ११:०२)

वृंदाताई, छान समजावलंत. एक शंका. दुमडलेलं टोक विजेच्या चाचणीतूनही ओळखता येतं ना? एका इलेक्ट्रोडवर उत्तेजन देऊन बाकी सगळ्यांवर त्याचा पसारा मोजला, तर आलेखात दोन टेकड्या दिसायला हव्यात: एक शेजाऱ्यांची, दुसरी दुमडून जवळ आलेल्यांची. मग किरणांची गरज काय? माझ्या भाचीचं इम्प्लांट होणार आहे, म्हणून हे सगळं वाचून काढतोय.

वृंदा_ऑडिओ (मंगळवार, रात्री ११:३०)

बरोबर आहे. स्प्रेड ऑफ एक्सायटेशन म्हणतात त्या चाचणीला, आणि ती चांगली चाचणी आहे. पण ती दर ठिकाणी, दर केसला होतेच असं नाही. ओटीत भूल चालू असते, वेळ मोजका असतो. शिवाय नसेचा प्रतिसादच क्षीण असेल तर आलेख वाचता येत नाही, आणि बिघडलेल्या कॉक्लियात नेमकं तेच होतं. ही चाचणी आणि प्लेट, दोन्ही असतील तर माझं काम सगळ्यात सोपं होतं.

शिशाचा_एप्रन (बुधवार, सकाळी ६:५०)

मी एक्स-रे विभागात टेक्निशियन आहे. किरणांबद्दल सासूबाईंना वाटणारी काळजी योग्यच आहे. विनाकारण एकही एक्स-रे काढू नये, हेच आम्हाला शिकवलं जातं. तेव्हा त्यांना आकड्यांत सांगा.

डोक्याच्या एका एक्स-रेची मात्रा साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहूनही कमी असते. जमीन, हवा, अन्न, आकाशातून येणारे किरण यांमुळे आपल्या प्रत्येकाला काहीही न करता जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे ही एक प्लेट झाली जेमतेम दोन आठवड्यांच्या नैसर्गिक मात्रेइतकी. ऑपरेशनआधी जो सीटी झाला, त्याची मात्रा हिच्या कितीतरी पट होती. एमआरआयमध्ये हे किरण नसतातच, त्यामुळे तो हिशेबात धरू नका.

आता महत्त्वाचं. हा एक्स-रे नेहमीचा नाही. तालुक्याच्या सेंटरवर कानाचा एक्स-रे म्हटलं की मॅस्टॉइडसाठीचा (कानामागच्या हाडासाठीचा) शुलर्स व्ह्यू काढून देतात. तो यासाठी उपयोगाचा नाही, त्यात वेढे एकमेकांवर पडतात. स्टेनव्हर्समध्ये पेशंटला पालथं किंवा प्लेटकडे तोंड करून बसवतात. ज्या बाजूला इम्प्लांट आहे त्या बाजूचं कपाळ, नाक आणि गालाचं हाड प्लेटला टेकवायचं. चेहऱ्याची मध्यरेषा प्लेटशी ४५ ते ५० अंशांत येते. असं केलं की कॉक्लियाचा अक्ष किरणाच्या ओळीत येतो आणि इलेक्ट्रोडचं वेटोळं समोरून उघडं दिसतं, एकेक ठिपका मोजता येईल असं. मागून पुढे किरण जात असल्याने डोळ्याच्या भिंगालाही कमी मात्रा बसते.

लहान मूल पालथं राहत नसेल तर उताणं झोपवून, डोकं दुसऱ्या बाजूला वळवून याचाच उलटा व्ह्यू काढता येतो. प्रतिमा थोडी मोठी येते, पण वेटोळं दिसतं. त्याला जेवू घालून, झोपेच्या वेळी न्या. चादरीत गुंडाळून धरलं की निम्मं काम होतं. मुलाला धरायला बाबांना आत पाठवा, शिशाचा एप्रन मागून घ्या. घरात कोणी गरोदर असेल तर तिने आत थांबायचं नाही. कानातलं, मानेतला ताईत, केसांतली पिन काढून ठेवा.

बापू_जालना (बुधवार, सकाळी ८:१५)

दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं. माझ्या मुलीला केंद्राच्या एडिप योजनेतून (दिव्यांगांना साधनं देणारी योजना) इम्प्लांट मिळालं, वांद्र्याची अली यावर जंग संस्था त्याचं काम बघते. मुंबईहून परत आल्यावर गावाकडे एक्स-रे काढायचा होता. पहिल्या सेंटरवर चिठ्ठी न वाचताच दोन्ही कानांचे भलतेच फोटो काढून दिले. ते पाहून ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, यात काही कळत नाही, पुन्हा काढा. लेकराला विनाकारण दोनदा किरणं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

मुक्ताताई, तुमच्या चिठ्ठीवर व्ह्यूचं नाव आणि बाजू लिहिलीय, ही मोठी गोष्ट आहे. आत जायच्या आधी टेक्निशियनला ती दाखवा आणि "हा व्ह्यू तुम्ही काढता का?" असं सरळ विचारा. नाही म्हणाले तर पुढे चला. लाजायचं काही कारण नाही, आपल्या लेकराचं डोकं आहे.

मुक्ता_सांगली (बुधवार, सकाळी ९:०५)

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांच्या मात्रेचा हिशेब सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांना पटला. बापूदादा, तुमचा सल्ला लक्षात ठेवते.

आणखी दोन प्रश्न. एक्स-रेने आतलं इम्प्लांट बिघडणार नाही ना? आणि डोकं अजून वाढायचंय, तर पुढे तार ओढली जाऊन बाहेर येईल का? हा दुसरा प्रश्न रात्री झोपू देत नाही.

कर्णोपकर्णी (बुधवार, दुपारी २:४०)

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा सर्वसाधारण उत्तर देतो.

एक्स-रे किंवा सीटीने इम्प्लांटला धोका नाही. बाहेरचा प्रोसेसर आणि डोक्याला चुंबकाने चिकटणारी कॉईल तेवढी काढून ठेवायची, कारण तिची सावली पडते. जपायचं ते एमआरआयला, कारण आत चुंबक आहे. आणि पुढे कधीही, कुठलंही दुसरं ऑपरेशन झालं तर सर्जनला इम्प्लांटबद्दल आधी सांगायचं. डोक्या-मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी, म्हणजे विजेने रक्तस्राव थांबवायचं एक साधन, वापरायची नसते.

आता वाढीबद्दल. कॉक्लिया जन्मतःच मोठ्या माणसाएवढी असते, ती पुढे वाढत नाही. वाढतं ते कानामागचं हाड, मॅस्टॉइड. म्हणून सर्जन मॅस्टॉइडच्या पोकळीत तारेचा जादा भाग वळवून ठेवतो, हाड वाढेल तशी ती ढील पुरते. इम्प्लांट लहान मुलांना द्यायचं की नाही हे ठरत होतं तेव्हा याच प्रश्नावर भरपूर काम झालं. तुमच्या प्लेटवर ती वळलेली तारही दिसेल, बघून घ्या.

तरीही इलेक्ट्रोड थोडा मागे सरकण्याच्या घटना होतात, मुलांत आणि मोठ्यांतही. अशा वेळी सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती? ऑपरेशननंतर लगेच काढलेली पहिली प्लेट. चार वर्षांनी मूल अचानक कमी ऐकू लागलं आणि तेव्हाच्या प्लेटवर दोन इलेक्ट्रोड कॉक्लियाबाहेर दिसले, तर ते आत्ता सरकले की पहिल्यापासून तिथेच होते? पहिली प्लेट असेल तर एका मिनिटात उत्तर मिळतं. नसेल तर नुसते अंदाज.

अभियंता_अकोला (बुधवार, दुपारी ३:२०)

डॉक्टर, बाहेर किती आणि आत किती हे प्लेटवर ठरवतात कसं? कॉक्लिया तर एक्स-रेमध्ये धुरकट दिसते.

कर्णोपकर्णी (बुधवार, रात्री ८:१०)

चांगला प्रश्न. कॉक्लियाच्या भिंती स्पष्ट दिसत नाहीत, पण तिच्या शेजारच्या, तोल सांभाळणाऱ्या भागातल्या दोन खुणा बऱ्यापैकी दिसतात. वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेचा माथा आणि तिच्याखालचं व्हेस्टिब्यूल. त्या माथ्यापासून व्हेस्टिब्यूलच्या मध्यातून सरळ रेघ खाली ओढायची. ती इलेक्ट्रोडच्या तारेला जिथे छेदते, तिथे साधारणपणे गोल खिडकी, म्हणजे कॉक्लियाचं प्रवेशद्वार. रेघेच्या आतले इलेक्ट्रोड आत, अलीकडचे बाहेर. मग वेटोळ्याचा मध्य धरून, त्या प्रवेशद्वारापासून टोकाच्या इलेक्ट्रोडपर्यंत किती अंश फिरलो ते मोजायचं. एक पूर्ण वेढा ३६० अंश. आधीच वळवलेल्या, वेढ्यांच्या मधल्या खांबाला बिलगणाऱ्या तारा साधारण एका वेढ्याच्या आसपास थांबतात. लांब, लवचीक, सरळ तारा दीड वेढ्याच्या पुढेही जातात. म्हणून कोणाच्या प्लेटवर वेटोळं लहान दिसलं तर घाबरू नका, आधी तारेचा प्रकार विचारा.

डोकं वळवण्याची मूळ पद्धत डच डॉक्टर स्टेनव्हर्स यांनी १९१७ मध्ये मांडली, इम्प्लांटचं नावही कोणी ऐकलं नव्हतं तेव्हा. इलेक्ट्रोडसाठी तिचा नेमका कोन आणि मोजणी बसवून दिली ती मेलबर्नच्या गटाने, २००० साली. शू, कोहेन आणि क्लार्क यांचा तो शोधनिबंध आजही आमचे विद्यार्थी वाचतात.

मेलबर्नवासी (गुरुवार, पहाटे ४:३०)

क्लार्क यांचं नाव वाचलं म्हणून लिहितो. ग्रेम क्लार्क यांनी १ ऑगस्ट १९७८ रोजी इथल्या रॉयल व्हिक्टोरियन आय अँड इअर हॉस्पिटलमध्ये रॉड सॉन्डर्स यांना आपलं पहिलं अनेक इलेक्ट्रोडचं इम्प्लांट बसवलं. त्याआधी त्यांची अडचण हीच होती, तार वेढ्यांमध्ये पुरेशी आत जात नव्हती. १९७७ मध्ये सुट्टीवर असताना मिनामुरा इथल्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी एका शंखात गवताची पाती घालून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ असलेली पाती वेढ्यांतून बरीच आत सरकली. इलेक्ट्रोडची घडण त्यावरून ठरली.

हे इतक्यासाठी सांगतो की तार किती आत गेली आणि कशी वळली, हा प्रश्न या उपचाराच्या जन्मापासूनचा आहे. आपल्या मुलाच्या प्लेटवरचं ते वेटोळं पाहताना मला याची फार आठवण आली होती.

दुसरा_श्रावण (गुरुवार, सकाळी ७:२०)

मी स्वतः इम्प्लांट वापरतो. मोठेपणी मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) झाला आणि काही आठवड्यांत दोन्ही कान गेले. या आजारानंतर कॉक्लियात हाड भरू लागतं, तार पूर्ण आत जाऊ शकत नाही. माझ्या सर्जननी आधीच सांगितलं होतं, जमेल तेवढी घालू.

प्लेटवर स्पष्ट दिसलं की कॉक्लियाच्या तोंडाकडचे चार इलेक्ट्रोड बाहेर आहेत. ऑडिओलॉजिस्टनी ते चार पहिल्या दिवसापासून बंद ठेवले आणि सगळे आवाज उरलेल्यांवर वाटून दिले. पुढे माझी गाठ अशाच आजारातून आलेल्या एका गृहस्थांशी पडली. त्यांची प्लेट काढलेलीच नव्हती. बाहेरचे इलेक्ट्रोड चालू होते, त्यांना प्रत्येक मोठ्या आवाजाला कानामागे टोचल्यासारखं व्हायचं आणि गाल उडायचा. इम्पिडन्स त्या इलेक्ट्रोडचाही ठीक येत होता, कारण ओल्या ऊतीत वीज वाहतेच. बिचारे सहन करत राहिले, त्यांना वाटायचं असंच असतं. मग एक्स-रे झाला, ते इलेक्ट्रोड बंद केले, नवा मॅप घातला आणि चेहऱ्याचं उडणं थांबलं.

मुक्ताताई, तुमचं बाळ सांगू शकणार नाही की गाल का उडतोय. तुम्ही लक्ष ठेवा आणि प्लेट जवळ ठेवा.

सीमा_नाशिककर (गुरुवार, सकाळी १०:४५)

वाचून थोडी धास्तावले. माझ्या मुलीचं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, एक्स-रे झाला नव्हता. ती शाळेत जाते, गाणी म्हणते, फोनवर आजीशी बोलते. आता मुद्दाम काढून घ्यायचा का?

कर्णोपकर्णी (गुरुवार, दुपारी १:५५)

सीमाताई, धास्तावू नका. इम्प्लांट जागेवर आहे याचा फोनवर आजीशी बोलणारी मुलगी हाच उत्तम पुरावा आहे. केवळ संग्रही असावा म्हणून तीन वर्षांनी एक्स-रे काढायची गरज मला वाटत नाही. तिच्या डॉक्टरांशी बोला, पण घाई नको.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. प्रत्येक केसला एक्स-रे काढावा का, यावर आमच्यातच एकमत नाही. सरळ तार, नेहमीच्या रचनेची कॉक्लिया, सगळी टेलिमेट्री उत्तम, अशा केसमध्ये प्लेट पाहून निर्णय बदलण्याची वेळ क्वचितच येते. म्हणून काही केंद्रं फक्त शंका आल्यावरच एक्स-रे काढतात. हा हलगर्जीपणा नाही, विचार करून घेतलेली भूमिका आहे. टोक दुमडण्याचं प्रमाण एकूण पाहता शंभरात एक-दोन किंवा त्याहूनही कमी आहे, आणि आधीच वळवलेल्या तारांमध्ये ते जास्त आढळतं.

माझं स्वतःचं मत मात्र ठाम आहे. वळवलेली तार, जन्मजात वेगळ्या घडणीची कॉक्लिया, हाड भरलेली कॉक्लिया, पुन्हा केलेलं ऑपरेशन: यांत मूल ओटीतून बाहेर येण्याआधी प्रतिमा पाहिलीच पाहिजे. सी-आर्म (ओटीतलं फिरतं एक्स-रे यंत्र) असेल तर भूल उतरायच्या आत दिसतं आणि टोक दुमडलेलं असेल तर त्याच बैठकीत दुरुस्त करता येतं. घरी गेल्यावर कळलं तर पुन्हा भूल, पुन्हा चीर. आत कॉक्लियाची भिंत अर्धवट असलेल्या काही मुलांत तार कॉक्लियातून थेट आतल्या नसेच्या मार्गात घुसू शकते. कधी व्हेस्टिब्यूलमध्ये किंवा अर्धवर्तुळाकार नलिकेत जाते. अशा जागी टेलिमेट्री बुचकळ्यात पाडते, प्लेट नाही. बाकीच्यांसाठी स्विच-ऑनपूर्वी एक प्लेट, एवढं तरी असावं असं मला वाटतं. मिळणारी माहिती मोठी आणि मोजावी लागणारी किंमत लहान आहे.

अभियंता_अकोला (गुरुवार, दुपारी २:३०)

एवढं असेल तर सरळ सीटीच का नाही? त्रिमितीय चित्र मिळेल.

शिशाचा_एप्रन (गुरुवार, संध्याकाळी ६:१५)

नेहमीच्या सीटीत मात्रा जास्त आणि धातूमुळे चित्रात पांढरे पट्टे पडतात, इलेक्ट्रोड एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. हल्ली मोठ्या शहरांत कोन बीम सीटी वापरतात. तिची मात्रा साधारण कमी असते आणि धातूची चकाकीही कमी. पण दातांच्या क्लिनिकमधलं प्रत्येक कोन बीम मशीन कानाच्या हाडापर्यंत पोहोचत नाही, ते आधी विचारून घ्यावं. शिवाय मशीन हलत असताना मुलाला बराच वेळ स्थिर ठेवावं लागतं. एक्स-रे क्षणात होतो.

कर्णोपकर्णी (गुरुवार, रात्री ९:००)

सहमत. साध्या एक्स-रेला एक गोष्ट कळत नाही, तेही सांगतो. कॉक्लियाच्या नळीत मधे पडदा आहे, वर एक मजला आणि खाली एक. तार खालच्या मजल्यावर राहायला हवी. ती पडदा फोडून वर गेली असेल तर ते कोन बीम किंवा चांगल्या सीटीतच दिसू शकतं, एक्स-रेमध्ये दोन्ही मजले एकावर एक पडतात. म्हणून एक्स-रेचा रिपोर्ट 'ठीक' आला, पण मूल अपेक्षेप्रमाणे प्रगती करत नसेल, तर तिथे थांबू नका. पुढचा तपास मागा.

बापू_जालना (शुक्रवार, सकाळी ७:४०)

डॉक्टर, एमआरआयचा उल्लेख तुम्ही केलात म्हणून विचारतो. आमच्या ओळखीच्या एका मुलाला डोक्याला मार लागल्यावर एमआरआय केला आणि नंतर कॉईल चिकटेनाशी झाली. काय झालं असेल?

कर्णोपकर्णी (शुक्रवार, दुपारी १:१०)

आतलं चुंबक जागेवरून उलटलं किंवा तिरकं झालं असण्याची शक्यता आहे. एमआरआयच्या ओढीने असं होतं, कधी नुसत्या मारानेही. याचं निदान पुन्हा साध्या एक्स-रेवरच होतं: चुंबकाची गोल चकती आडवी दिसायच्या जागी कडेवर उभी दिसते. त्यांनी लगेच सर्जनकडे जावं. बहुतेकदा छोट्या ऑपरेशनने ते नीट बसवता येतं, पण ताटकळत ठेवलं तर वरची त्वचा खराब होते. नव्या इम्प्लांटमध्ये आतल्या आत फिरणारी चुंबकं असतात, त्यांना हा त्रास बराच कमी आहे. तरी एमआरआयआधी मॉडेल नंबर आणि कंपनीच्या सूचना पाहायच्याच.

कार्ड हरवलं असेल तरी प्लेट मदतीला येते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या इम्प्लांटचा आकार, चुंबकाची जागा आणि इलेक्ट्रोडची मांडणी वेगवेगळी असते. इलेक्ट्रोडच्या ठिपक्यांवरून जाणकार माणूस कंपनी ओळखू शकतो. एका कंपनीचे २२, एकीचे १६, एकीचे १२ जागांवर.

मुक्ता_सांगली (रविवार, रात्री ८:३०)

काल एक्स-रे काढला. मिरजेतल्या एका सेंटरवर आधी फोन करून विचारलं, ते हा व्ह्यू काढतात म्हणाले. ह्यांनी एप्रन घालून त्याला धरलं, जेवून पेंगुळला होता, एकाच फोटोत काम झालं. टेक्निशियन काकांनी मला स्क्रीनवर दाखवलं. डॉक्टर म्हणाले तशी मॅस्टॉइडमधली वळलेली तार दिसली, त्याच्या पुढे वेटोळं. मी ठिपके मोजायचा प्रयत्न केला, आतले फार जवळजवळ आहेत. रिपोर्टमध्ये 'इलेक्ट्रोड कॉक्लियात, टोक दुमडलेलं नाही' असं आहे.

प्लेट जपून कशी ठेवू? आमच्याकडे दमट हवेत जुन्या प्लेटा एकमेकींना चिकटल्या आहेत.

शिशाचा_एप्रन (रविवार, रात्री ९:१०)

वा ताई, फार बरं वाटलं.

नुसत्या फिल्मवर अवलंबून राहू नका. त्याच सेंटरवरून मूळ डिजिटल फाईल सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. डायकॉम फाईल द्या म्हणायचं, मोबाईलवर फिल्मचा काढलेला फोटो चालत नाही, त्यात मोजमाप करता येत नाही. लवकर मागा, बरीच सेंटर काही काळाने जुन्या फाईली काढून टाकतात. एक प्रत स्वतःच्या मेलवर टाका, एक इम्प्लांट कार्डाच्या स्कॅनसोबत ठेवा. फाईलच्या नावात मुलाचं नाव, बाजू, ऑपरेशनची तारीख आणि एक्स-रेची तारीख लिहा. फिल्म कागदी पाकिटात, उभी, कोरड्या जागी.

वृंदा_ऑडिओ (रविवार, रात्री १०:००)

आणि स्विच-ऑनच्या दिवशी ती फाईल ऑडिओलॉजिस्टसमोर उघडा, पिशवीतच राहू देऊ नका. कोणते इलेक्ट्रोड कितपत आत आहेत ते पाहून पहिला मॅप करायला सांगा. पुढच्या कानाचा विचार असेल तर सर्जनलाही याच प्लेटवरून कल्पना येते की पहिली तार किती आत गेली होती.

सीमाताईंच्या निमित्ताने आणखी एक. मूल नीट ऐकत असताना अचानक एखादा आवाज चुकवू लागलं, कॉईल लावली की रडू लागलं, गाल किंवा पापणी उडू लागली, डोक्यावर जोरात पडलं, किंवा दर मॅपिंगला लेव्हल वाढवाव्या लागत असतील, तर आधी प्रोसेसर आणि केबल तपासून घ्या. तिथे काही सापडलं नाही तर टेलिमेट्री आणि एक्स-रे दोन्ही एकाच भेटीत मागा. एकीचा निकाल दुसऱ्याशेजारी ठेवून वाचला की खरं कारण लवकर सापडतं.